स्पाइन-लीफमधला हरवलेला मार्कर

गेल्या वर्षी माझं सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन होतं. तिसऱ्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, "स्पाइन-लीफ ही आधुनिक, नॉन-ब्लॉकिंग रचना आहे." समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "नॉन-ब्लॉकिंग कोणत्या अर्थाने? स्ट्रिक्ट की रीअरेंजेबल?" मला दोन्ही शब्द माहीत नव्हते. मी "म्हणजे सर, कंजेशन होत नाही" असं काहीतरी पुटपुटले. सर म्हणाले, "असं कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी होतं. माहितीपत्रकांत, ट्युटोरियलमध्ये, मी वाचलेल्या दोन-तीन रिव्ह्यू पेपरांत. पण मुळात हे कुणी, कशाबद्दल म्हटलं होतं, हे मी कधी शोधलंच नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. शेरा होता: लिटरेचर पुन्हा करा.

त्या शेऱ्याने मला सत्तर वर्षं मागे नेलं, आणि परत येताना हातात एक प्रश्न घेऊन आले. तो माझा आताचा विषय आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताहेत किंवा विषय ठरवण्याच्या टप्प्यावर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं क्षेत्र नेटवर्कचं नसलं तरी वाचा. गणित दहावीच्या फार पलीकडचं नाही.

आधी हे स्पाइन-लीफ म्हणजे काय ते पटकन बघू.

मी देवनारला राहते. जवळचं स्टेशन गोवंडी. घाटकोपर इथून सरळ रेषेत फार लांब नाही, पण लोकलनेच जायचं ठरवलंत तर हार्बरने आधी कुर्ल्याला जायचं, पूल चढायचा, मेन लाइनची गाडी पकडायची आणि मग पुन्हा वर घाटकोपरला यायचं. संध्याकाळी सात वाजता कुर्ल्याचा पूल कसा असतो ते मुंबईकरांना सांगायला नको. जुन्या डेटा सेंटरचं नेटवर्क असंच होतं. रॅकमधले सर्व्हर ॲक्सेस स्विचला जोडलेले, असे अनेक ॲक्सेस स्विच वरच्या ॲग्रिगेशन स्विचला, आणि ते सगळे मिळून एक-दोन मोठ्या, महागड्या कोअर स्विचना. जोवर बहुतेक वाहतूक 'बाहेरचा माणूस ते सर्व्हर आणि परत' अशी होती, तोवर हे चालून गेलं. मग असा काळ आला की तुमच्या एका सर्चसाठी आतले शेकडो सर्व्हर आपसांत बोलू लागले. आता दोन रॅक सोडून असलेल्या सर्व्हरशी बोलायलासुद्धा कुर्ल्याला जावं लागायला लागलं.

त्यात आणखी एक गंमत होती. इथरनेटमध्ये जोडण्यांचा फेरा तयार झाला की पॅकेट त्यात गोल गोल फिरत राहतात. म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल दिला. तो जाळ्यातल्या जादा तारा झोपवून ठेवतो आणि जाळ्याचं झाड करतो. प्रोटोकॉल सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण परिणाम असा, की तारा दोन घ्यायच्या आणि चालवायची एकच. दुसरी पहिली तुटण्याची वाट बघत पडून राहणार.

स्पाइन-लीफमध्ये दोनच थर असतात. प्रत्येक रॅकवर एक लीफ स्विच. वर काही स्पाइन स्विच. प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेला. लीफ लीफला जोडायचा नाही, स्पाइन स्पाइनला जोडायचा नाही. वेगवेगळ्या रॅकमधल्या कोणत्याही दोन सर्व्हरमधला रस्ता मग एकसारखा होतो: लीफ, स्पाइन, लीफ. स्पाइन चार असतील तर चार समान रस्ते, आणि चारही एकाच वेळी चालू. एक स्पाइन बंद पडला तर क्षमता पाव भागाने कमी होते, सगळं ठप्प होत नाही. क्षमता वाढवायची तर आणखी एक स्पाइन आणा, अर्थात प्रत्येक लीफवर त्याच्यासाठी एक पोर्ट मोकळा हवा.

ही रचना बघून कुणालाही वाटेल की ती या शतकातली. मलाही वाटलं होतं.

आता १९५३ मध्ये जाऊ. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये बेल लॅब्जचे इंजिनिअर चार्ल्स क्लो यांचा एक लेख आला. (स्पेलिंगच्या शेवटी 'एस' आहे, उच्चारात नाही. मी तीन महिने 'क्लॉस' म्हणत होते.) लेखाचा विषय कॉम्प्युटर नव्हे, टेलिफोन एक्स्चेंज.

अडचण खर्चाची होती. क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये आडव्या आणि उभ्या मार्गांची जाळी असते. जिथे आडवा मार्ग उभ्याला भेटतो तिथे एक संपर्कबिंदू, म्हणजे क्रॉसपॉइंट. कुणालाही कुणाशीही जोडता यायला हवं असेल तर १०० लाइनींना १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० क्रॉसपॉइंट लागतात. १०,००० लाइनींना १० कोटी. आजच्यासारखे ते चिपवरचे अदृश्य ट्रान्झिस्टर नव्हते. प्रत्येक बिंदू म्हणजे धातूचे संपर्क, जागा, घासपूस, देखभाल.

काटकसर करायची तर क्रॉसपॉइंट कमी करायचे. पण कमी केले की 'ब्लॉकिंग' होतं. हा शब्द इथे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्ही ज्याला फोन लावला तो दुसऱ्याशी बोलत असेल तर एंगेज टोन येतो. ते ब्लॉकिंग नव्हे. तो मोकळा आहे, तुम्हीही मोकळे आहात, पण मधला रस्ताच शिल्लक नाही, याला ब्लॉकिंग म्हणतात. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ही टेप लहानपणी ऐकली असेल तर ब्लॉकिंग तुम्ही कानाने अनुभवलेलं आहे.

क्लोंनी विचारलं: क्रॉसपॉइंट वाचवायचे आणि तरीही ब्लॉकिंग कधीच होऊ द्यायचं नाही, हे जमेल का? त्यांचं उत्तर तीन थरांचं होतं. एक मोठी जाळी करण्याऐवजी अनेक छोटे स्विच घ्या. पहिल्या थरात येणाऱ्या लाइनी, शेवटच्या थरात जाणाऱ्या लाइनी, आणि मध्ये एक थर, ज्याचा प्रत्येक स्विच पहिल्या आणि शेवटच्या थरातल्या प्रत्येक स्विचला एकेका तारेने जोडलेला.

मधले स्विच किती हवेत? ३६ लाइनी घेऊ. पहिल्या थरात सहा स्विच, प्रत्येकाकडे सहा लाइनी. शेवटच्या थरातही तसंच. तुम्ही फोन उचलला. तुमच्या स्विचवरच्या बाकी पाच जणांचे कॉल आधीच चालू आहेत आणि वाईटात वाईट म्हणजे त्यांनी पाच वेगवेगळे मधले स्विच धरलेत. तुम्हाला ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या स्विचवरही बाकी पाच जण बोलताहेत, आणि दुर्दैवाने त्यांनी आणखी पाच वेगळे मधले स्विच धरलेत. म्हणजे तुमच्यासाठी दहा बाद झाले. अकरावा असेल तर तो मोकळाच असणार, नसून जाईल कुठे? एका स्विचवर क लाइनी असतील तर मधले स्विच २क − १ हवेत. सहाला अकरा. एवढीच सिद्धता आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा काहीतरी सुटलंय असं वाटून तीनदा वाचली.

आता हिशेब. पहिला थर: सहा स्विच, प्रत्येकी ६ × ११, एकूण ३९६ क्रॉसपॉइंट. शेवटचा थर तेवढाच. मधला: अकरा स्विच, प्रत्येकी ६ × ६, पुन्हा ३९६. बेरीज १,१८८. सरळ जाळी केली असती तर ३६ × ३६ म्हणजे १,२९६. बचत किरकोळ वाटेल. २५ लाइनींचं करून बघा: तिथे तीन थरांत ६७५ लागतात आणि सरळ जाळीत ६२५, म्हणजे उलट तोटा. या पद्धतीचा फायदा ३६ ला सुरू होतो. पण १०,००० लाइनींना आकडा येतो ५९,७०,०००, आणि सरळ जाळीला १० कोटी. सुमारे सतरावा भाग.

हे कागदावर एकदा स्वतः करा. खरंच सांगते, दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत जे कळतं ते मला स्लाइडांवरून दोन वर्षं कळलं नव्हतं.

कारण स्वतः करताना एक गोष्ट टोचते. सिद्धता म्हणते, अकरांपैकी एक मोकळा आहेच. बरोबर. पण कोणता? तो शोधणार कोण? क्लोंच्या लेखात हे गृहीत आहे, कारण त्या काळच्या एक्स्चेंज-इंजिनिअरला ते सांगायची गरजच नव्हती. क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये त्या कामासाठी एक स्वतंत्र यंत्रणा असायची, तिचं नाव मार्कर. रिलेंचं बनलेलं नियंत्रण-मंडळ. कॉल आला की मार्कर कामाला लागायचा, कुठले दुवे रिकामे आहेत ते तपासायचा, दोन्ही टोकांना जोडणारा मोकळा रस्ता निवडायचा, तिथले संपर्क मिटवायचा आणि पुढच्या कॉलकडे जायचा. बोलणं चालू असताना त्याचं काम नसे. रस्ता लावून दिला की तो मोकळा.

म्हणजे 'नॉन-ब्लॉकिंग' या शब्दाचे १९५३ मध्ये दोन पाय होते. एक आकृती, दुसरा मार्कर. आपण पाठ करतो ती नुसती आकृती.

सरांचा दुसरा शब्द, रीअरेंजेबल, इथूनच निघाला. समजा चालू असलेले कॉल एका रस्त्यावरून दुसऱ्यावर हलवायची मुभा आहे. मग अकरा मधले स्विच लागत नाहीत, सहा पुरतात. क लाइनींना क. यामागे स्लेपियन, ड्युगिड आणि बेनेश यांचं १९५० आणि ६० च्या दशकांतलं काम आहे. बेल लॅब्जच्याच वाक्लाव बेनेश यांचं १९६५ मधलं पुस्तक या विषयाचं पायाभूत पुस्तक मानलं जातं. हे स्वस्त पडतं खरं, पण फुकट नाही. क्रॉसपॉइंट कमी केले की मार्करची अक्कल वाढवावी लागते. आता त्याला नुसता मोकळा रस्ता शोधून भागत नाही, सगळ्या चालू कॉलचा नकाशा डोक्यात ठेवून कुणाला कुठे सरकवायचं ते ठरवावं लागतं. धातू वाचवा, डोकं खर्च करा.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकात भारताने बेल्जियमच्या कंपनीकडून पेन्टाकॉन्टा नावाच्या क्रॉसबार एक्स्चेंजचं तंत्रज्ञान घेतलं आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने ती इथे बनवायला घेतली. यंत्रणा युरोपात चांगली चालत होती. इथे ती गुदमरली. कारण कोणत्याही एक्स्चेंजमध्ये सगळे एकदम बोलणार नाहीत असं धरूनच काटकसर केलेली असते, आणि एका फोनमागे किती बोलणं होईल याचा अंदाज युरोपातला होता. इथे फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे एका फोनवर पूर्ण मजला. ज्यांनी ऐंशीच्या दशकातल्या लग्नपत्रिका बघितल्या असतील त्यांना नंबरापुढे लिहिलेलं 'पीपी' आठवेल, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, निरोप द्या, बोलावतील. आईच्या माहेरी देवनारच्या कॉलनीत दहा-बारा घरांत एक फोन होता आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांची पोरं जिन्यात हाका मारून दमायची. असा फोन एक्स्चेंजच्या हिशेबात एकच लाइन असतो, पण बोलतो दहा घरांचं. शेवटी आपल्या इंजिनिअरांना त्या यंत्रणेत इथल्या वाहतुकीप्रमाणे बदल करावे लागले.

आज लीफ स्विच विकत घेताना जो 'ओव्हरसबस्क्रिप्शन रेशो' बघतात, तो हाच हिशेब आहे. लीफवर सर्व्हरकडे २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट, म्हणजे १,२०० गिगाबिट. वर स्पाइनकडे १०० गिगाबिटचे सहा, म्हणजे ६००. गुणोत्तर २:१. सगळे एकदम पूर्ण वेगाने बोलणार नाहीत अशी पैज. पैज वाईट नाही, पण ती कुणाच्या वाहतुकीवर लावली आहे ते विचारायचं.

टेलिफोनची आकृती कॉम्प्युटरमध्ये कशी आली? कागदावर क्लोंचे तीन थर काढा आणि कागद बरोबर मध्यावर दुमडा. पहिला आणि शेवटचा थर एकमेकांवर येतात. कॉम्प्युटरच्या जाळ्यात प्रत्येक सर्व्हर पाठवतोही आणि घेतोही, त्यामुळे हे दोन थर वेगळे ठेवायची गरज नाही. दुमडून एक झालेला थर म्हणजे लीफ. मधला तो स्पाइन. १९८५ मध्ये चार्ल्स लायझरसन यांनी महासंगणकांसाठी 'फॅट ट्री' मांडलं, म्हणजे शेंड्याकडे जाताना बारीक न होता जाड होत जाणारं झाड, आणि १९९१ च्या कनेक्शन मशीन सीएम-५ मध्ये ते प्रत्यक्ष वापरलं गेलं. ते वेगळ्या वाटेने आलं, पण त्याच घरात पोचलं.

त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकचा परम ८००० आला. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालचं हे काम शाळेपासून आपल्याला माहीत असतं, पण त्यात जोडण्यांचा प्रश्न किती मोठा होता हे कुणी सांगत नाही. तो ट्रान्सप्युटर चिपवर उभा होता आणि एका ट्रान्सप्युटरला जोडण्या चारच. कुणी कुणाशी जोडलेलं असावं हे कामाप्रमाणे बदलता यावं अशी रचना करावी लागली. प्रोसेसर मिळवणं एक, त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं दुसरं.

आणि मग एका. नोव्हेंबर २००७ च्या टॉप-५०० यादीत पुण्यातला हा महासंगणक जगात चौथा होता, ११७.९ टेराफ्लॉप्स. टाटा सन्सच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने तो उभा केला, एचपीचे सर्व्हर आणि इन्फिनिबँडचं जाळं घेऊन. १४,३५२ कोअर. त्या पिढीतल्या इन्फिनिबँड स्विच-चिपला २४ पोर्ट असत. २४ पोर्टांच्या चिप दोन थरांत लावल्या, अर्धे पोर्ट खाली आणि अर्धे वर, तर २८८ टोकं जोडता येतात. तीन थरांत ३,४५६. बाजारात मिळणारे २८८ पोर्टांचे मोठे स्विच उघडले असते तर आत हीच दुमडलेली आकृती दिसली असती. म्हणजे बाहेरून एक डबा, आत स्पाइन आणि लीफ.

एकाच्या गोष्टीत एक नाव येतं ते मला फार आवडतं: नरेंद्र करमरकर. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगचा प्रसिद्ध अल्गोरिदम दिला. म्हणजे ते क्लोंच्याच संस्थेतले. १९९१ मध्ये त्यांनी समांतर संगणकासाठी एक अगदी वेगळी रचना मांडली, सांत प्रक्षेपीय भूमितीवर आधारलेली. या भूमितीत कोणत्याही दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. सर्वांत छोटं उदाहरण म्हणजे सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू. या नियमितपणाचा फायदा घेऊन सगळी देवाणघेवाण आधीच अशा क्रमाने ठरवायची की कुणी कुणाला आडवं जाणारच नाही. क्लो म्हणतात, रस्ते भरपूर ठेवा म्हणजे ऐनवेळी एखादा मोकळा सापडेल. करमरकर म्हणतात, काम आधी माहीत आहे ना? मग वेळापत्रकच असं करा की शोधावं लागू नये. इथे मार्कर नाही असं नाही. तो आधीच येऊन काम करून गेलाय.

डेटा सेंटरवाल्यांना मात्र काम आधी माहीत नसतं. २००५ च्या आसपास त्यांची अडचण क्लोंच्या अडचणीसारखीच होती, खर्चाची. सर्वांत मोठा कोअर स्विचही पुरत नव्हता आणि त्याची किंमत पोर्टांच्या प्रमाणात नव्हे, त्याहून वेगाने वाढत होती. दुसरीकडे स्वस्त चिपवरचे साधे स्विच मिळू लागले होते. गूगलने २०१५ मध्ये स्वतःच्या दहा वर्षांच्या जाळ्यांचा इतिहास एका पेपरात लिहिला. तो जरूर वाचा, त्यातली पहिली रचना प्रत्यक्ष वापरात कधी आलीच नाही हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. संशोधनाच्या पेपरात इतकी प्रांजळ नोंद क्वचित दिसते. पण बाहेरच्या जगाला वाट दाखवली ती २००८ च्या पेपराने. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अल-फारेस, लुकिसास आणि वाहदात यांनी दाखवलं की ४८ पोर्टांचे एकसारखे साधे स्विच तीन थरांत लावून २७,६४८ सर्व्हर पूर्ण क्षमतेने जोडता येतात. क्लो १९५३ तिथे संदर्भात आहेत. मी तो पेपर वाचला होता. त्यातला संदर्भ उघडला नव्हता.

आता मार्कर कुठे गेला ते बघा.

पॅकेट लीफवर आलं. वर चार स्पाइन, चार समान रस्ते. कोणता घ्यायचा? क्लोंच्या जगात मार्करने मोकळा शोधला असता. इथे सेकंदाला कोट्यवधी पॅकेट येताहेत, विचारायला वेळ कुणाला? म्हणून लीफ स्विच एक साधी युक्ती करतो. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल हे पाच आकडे घेऊन त्यांचा हॅश काढतो, आणि उत्तर येईल त्या स्पाइनकडे पाठवतो. एका फ्लोची सगळी पॅकेट एकाच रस्त्याने जातात, म्हणून क्रम बिघडत नाही. याला ईसीएमपी म्हणतात. कुठलाही केंद्रीय नियंत्रक नको, प्रत्येक लीफ आपापला ठरवतो. २०१६ मध्ये मोठ्या डेटा सेंटरांसाठी बीजीपी कसं वापरावं यावर आरएफसी ७९३८ आला, त्यातही भरवसा याच युक्तीवर आहे. स्वस्त, मजबूत, सुटसुटीत.

पण हॅशला रस्ता मोकळा आहे की नाही हे माहीत नसतं. तो डोळे मिटून चिठ्ठी काढतो.

छोटे छोटे हजारो फ्लो असतील तर सरासरी जुळून येते आणि काही बिघडत नाही. मोठे आणि मोजके असतील तर? चार स्पाइन आणि चार मोठे फ्लो घ्या, प्रत्येकाला एक पूर्ण तार लागते. क्षमता अगदी पुरेशी आहे. चौघांना चार वेगळे रस्ते मिळण्याची शक्यता किती? पहिला कुठेही जाऊ दे, एकूण शक्यता ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६, त्यांपैकी सगळे वेगळे पडतात अशा ४ × ३ × २ × १ म्हणजे २४. सुमारे ९.४ टक्के. उरलेल्या ९० टक्के वेळा कुणीतरी दोघं एका तारेवर बसणार आणि शेजारची तार रिकामी राहणार. आठ स्पाइन आणि आठ फ्लो घेतले तर सगळे वेगळे पडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. आणि हे फक्त वर जाताना. खाली येताना दुसऱ्या लीफवाल्यांचे फ्लो त्याच स्पाइनवर भेटतात ते वेगळंच. क्लोंच्या सिद्धतेतले समोरच्या टोकाचे पाच जण आठवा.

म्हणजे माझी तिसरी स्लाइड तीन ठिकाणी चुकीची होती. स्ट्रिक्ट अर्थाने बघितलं तर लीफवर १६ सर्व्हर असतील तर वर ३१ तारा हव्यात, इतक्या कुणी लावत नाही. रीअरेंजेबल अर्थाने १६ पुरतील, पण मग चालू फ्लो सरकवणारा कुणी हवा, आणि हॅश कुणाला सरकवत नाही. आणि २:१ ची पैज लावलेली असेल तर दोन्ही अर्थांचा प्रश्नच उद्भवत नाही. तरी शब्द तोच, 'नॉन-ब्लॉकिंग'. पोर्टांची बेरीज खाली-वर जुळते एवढाच त्याचा अर्थ उरलाय.

ही उणीव लक्षात आली नव्हती असं नाही. त्याच अल-फारेस यांचा २०१० मध्ये हेडेरा नावाचा पेपर आला: मोठे फ्लो ओळखायचे आणि एका केंद्रीय नियंत्रकाने त्यांना मोकळ्या रस्त्यावर हलवायचं. टेलिफोनचा मार्कर सॉफ्टवेअर होऊन परत आला. २०१४ च्या कोंगामध्ये लीफ एकमेकांना गर्दीची खबर देतात आणि फ्लोमध्ये क्षणभर खंड पडला की पुढचा भाग दुसऱ्या रस्त्याने पाठवतात. म्हणजे प्रत्येक लीफवर एक छोटा मार्कर. मी सिनॉप्सिसमध्ये 'नवीन' म्हणून जे सुचवलं होतं ते साधारण हेडेराच होतं, चौदा वर्षं उशिरा. सरांना ते दिसलं असणार. त्यांनी बोलून दाखवलं नाही, तो त्यांचा चांगुलपणा.

हा प्रश्न आत्ता पुन्हा पेटलाय तो एआयमुळे. देवनारहून मानखुर्द ओलांडून खाडीपुलावरून पलीकडे गेलात की नवी मुंबई: ऐरोली, रबाळे, महापे, आणि पुढे पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेलं योट्टाचं एनएम१. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, त्यामुळे देशातल्या डेटा सेंटरांची मोठी गर्दी या पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी एखादं मॉडेल शिकवताना जीपीयू एकमेकांशी बोलतात ते हजारो छोट्या फ्लोंमध्ये नाही, मोजक्या, प्रचंड फ्लोंमध्ये, आणि तेही सगळे एकाच क्षणी. सगळ्यांचं येईपर्यंत पुढची पायरी सुरू होत नाही, त्यामुळे दोन फ्लो एका तारेवर अडकले की बाकी सगळे खोळंबतात. पीपी नंबरवाल्या कॉलनीसारखं, सरासरीचा अंदाज इथे लागू पडत नाही. शिवाय ही वाहतूक अखंड वाहते, कोंगाला हवा असतो तसा खंड तिच्यात सहसा मिळत नाही. मग प्रत्येक पॅकेट वेगळ्या रस्त्याने उडवावं आणि क्रम शेवटी लावावा असा एक मार्ग आहे. काम आधी माहीत आहे, वेळापत्रकच करा, हा दुसरा. हा दुसरा वाचताना मला पुन्हा करमरकरांचा १९९१ चा पेपर काढावासा वाटला, आणि काढला.

या मार्चमध्ये मी दुसऱ्यांदा समितीपुढे उभी राहिले. तिसऱ्या स्लाइडवर आता 'नॉन-ब्लॉकिंग' हा शब्द तीन ओळींत, तीन सालांसह होता. सर तेच. चष्मा पुन्हा काढला.

"मग तुमच्या रचनेत मार्कर कोण?"

"लीफ स्विच, सर. पण समोरच्या लीफकडे गर्दी आहे हे त्याला कळेपर्यंत ती गर्दी बदललेली असते. तेवढ्या वेळात शिळ्या माहितीवर निवड केली तर ती हॅशपेक्षा किती बरी, हा माझा प्रश्न आहे."

"किती बरी?"

मिनीनेटवर चार लीफ आणि चार स्पाइन लावून मी हे मोजायला सुरुवात केली होती, पण आकडे रोज वेगळे येत होते. तेच सांगितलं. सर म्हणाले, "वेगळे का येतात ते आधी शोधा," आणि सही केली.

सध्या तेच शोधतेय.